विमानं भरलेली असतात, तरीही

चि. भाचीस,
अनेक आशीर्वाद.

विमान कंपनीचं ऑफर लेटर आल्याचं तुझ्या आईने कळवलं. 'कंपनी बुडणार तर नाही ना?' हेही तिनेच विचारलं. विमानं भरभरून चाललीत, मग भीती कसली, असं तुझं म्हणणं. अगं, जेट एअरवेजची विमानंही रिकामी नव्हती. 17 एप्रिल 2019 च्या रात्री अमृतसरहून निघालेलं त्यांचं शेवटचं विमान मुंबईला उतरलं, आणि सव्वीस वर्षांचा कारभार आटोपला.

मी उभा जन्म हिशेब खात्यात काढला, म्हणून सांगतो. प्रवासी तिकिटाचे पैसे महिना-दोन महिने आधी मोजतो. म्हणजे कंपनीच्या हातात खेळणारी रक्कम ही कमाई नव्हे, न केलेल्या कामाची उचल. रोकड आटली की पुढच्या महिन्यांची तिकिटं पडेल भावाने विकायची आणि त्यातून आजचं इंधन भरायचं. बाहेरच्यांना वाटतं, काय जोरात सेल चाललाय! (प्रत्येक सेल असा नसतो. पावसाळ्यातल्या सीटा कोणीही स्वस्तात काढेल.)

समोरच्या कंपनीने तिकिटाचं भाडं उतरवलं की आपल्यालाही उतरवावं लागतं. संध्याकाळी मेथीची जुडी अर्ध्या किमतीत जाते, तसंच. उडालेल्या विमानातली सीट उद्या विकता येत नाही. खर्च मात्र उतरत नाही. भाड्याने घेतलेल्या विमानांचं भाडं डॉलरमध्ये, कमाई रुपयात. इंधन जीएसटीबाहेर, त्यावर राज्यांचा व्हॅट. मुंबई-पुण्यात तो 25 टक्के होता, राज्याच्या 2023 च्या अर्थसंकल्पात 18 वर आला. गो फर्स्ट या विमान कंपनीची तर नादुरुस्त इंजिनांपायी निम्मी विमानं जमिनीवर बसली आणि मे 2023 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

इंडिगोने 2005 मध्ये, एकही उड्डाण केलेलं नसताना, 100 विमानांची ऑर्डर दिली. घाऊक सवलतीत घ्यायची, भाडेकंपनीला विकायची, तीच भाड्याने चालवायची. शिवाय बरीच वर्षं एकाच जातीचं विमान, त्यामुळे पायलट आणि सुटे भाग कुठेही चालले. किंगफिशरने थाट मांडला, वर 2007 मध्ये तोट्यातल्या एअर डेक्कनमध्ये हिस्सा घेतला. 2012 मध्ये उड्डाणं थांबली. नाकापेक्षा मोती जड.

नोकरी घे. फक्त पगाराच्या तारखेवर लक्ष ठेव. माझ्या एका कंपनीत आधी पायलटांचे पगार लांबले, मग तेलवाल्यांनी उधारी बंद केली: आधी पैसे, मग इंधन. पीएफचा भरणा थांबलेला मला सगळ्यात शेवटी कळला, आणि ते टेबल माझ्यापासून चार खुर्च्यांवर होतं! तेव्हा पीएफचं पासबुक दर महिन्याला उघडून बघ. सहा महिन्यांचा खर्च बाजूला पडेपर्यंत गाडीचं कर्ज नको.

तुझ्या आईला मी समजावतो. रुजू व्हायच्या आधी एकदा डोंबिवलीला येऊन जा. जुने ताळेबंद अजून माळ्यावर आहेत, काढून ठेवतो.

तुझा,
मामा