टॅग खुंटीला लटकू नयेत म्हणून

लोट्याच्या एमआयडीसीत सेफ्टीला लागलास आणि माणसं आणि ड्रम कुठे आहेत हे टॅग लावून शोधायचं, म्हणजे ट्रॅकिंगचं काम लगेच गळ्यात पडलं, बरंच झालं. पण विकणाऱ्यांच्या डेमोला भुलू नकोस. एसी हॉलमध्ये सगळंच चालतं. आपल्याकडे रिअ‍ॅक्टर, पाइपरॅक, स्टीलच्या टाक्या. धातूवरून सिग्नल उसळतो, पाणी तो शोषतं, छपराखाली जीपीएसचा भरवसा नाही. ब्लूटूथ टॅग माणूस काही मीटरच्या अंदाजानं दाखवतो. यूडब्ल्यूबी, म्हणजे अल्ट्रा-वाइडबँड रेडिओचा टॅग, 10 ते 30 सेंटिमीटरपर्यंत, पण महाग. मी तरी ते टाकीत उतरण्याच्या जागा आणि सॉल्व्हंट यार्डापुरतंच ठेवीन. तिथे साधा टॅग नेऊच नकोस, ज्वलनशील वाफेच्या झोनसाठी प्रमाणित असलेलाच हवा.

ड्रम शोधण्यातला वेळ आरएफआयडीनं, म्हणजे रेडिओ लहरींनी दुरून वाचता येणाऱ्या टॅगनं, वाचतो. लोखंडी ड्रमवर मात्र धातूसाठीचाच टॅग लागतो.

खरी परीक्षा मॉक ड्रिलला. भोंगा वाजल्यावर आत कोण राहिलं, हे किती मिनिटांत कळतं? एकदा आमच्या स्क्रीनवर एक जण आत दिसत होता. सगळ्यांची धावपळ. टॅग निघाला लॉकरमध्ये आणि गडी शिमग्याला गावी! म्हणून कागदी हजेरी इतक्यात बंद करू नकोस.

कंत्राटी पोरं विचारणारच, "चहाला किती वेळ गेलो तेही बघणार काय?" नाही बघणार, हे साहेबांकडून आधी लेखी घे. नाहीतर टॅग खुंटीला लटकलेले सापडतील. आणि मिरगाआधी चार्जरच्या पिना तपास, आपल्या दमट हवेत त्या हिरव्या पडतात.