सगळे पेपर निघाले, प्रबंध तेवढा राहिला

मी समुपदेशक आहे. पालकांचा एक प्रश्न माझ्याकडे दर वर्षी येतो, साधारण जून-जुलैत, निकाल लागून गेल्यावर. "मुलीचे एम.एस्सी.चे सगळे पेपर निघालेत, फक्त प्रबंध द्यायचा राहिलाय. वर्ष होऊन गेलं. विषय काढला की चिडते, नाहीतर खोलीचं दार लावून घेते. हा आळस म्हणायचा की दुसरं काही?"

एका ओळीत उत्तर द्यायचं तर आळस फार क्वचित असतो. पण एका ओळीच्या उत्तराने कुणाचं समाधान होत नाही, म्हणून भूशास्त्राच्या एका विद्यार्थिनीची गोष्ट सांगते. तिच्या परवानगीने सांगतेय आणि ओळख पटेल असे तपशील बदललेत. तिला आपण रेवती म्हणू.

रेवती माणदेशातली. वडील शेतकरी, घरात पदव्युत्तर शिकलेली ती पहिलीच. चौथ्या सेमिस्टरचा निकाल लागला त्या दिवशी तिने घरी फोन करून "सगळे पेपर निघाले" असं सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण घरच्यांनी त्याचा अर्थ "पास झाली" असा घेतला आणि गावात पेढे वाटले. गुणपत्रिकेवर प्रबंधाच्या रकान्यात 'अनुपस्थित' होतं, हे सांगायचं राहून गेलं. माझ्याकडे आली तेव्हा या गोष्टीला तेरा महिने झाले होते.

पहिल्या दिवशी ती झोपेबद्दल बोलली. रात्री तीन-तीनपर्यंत जाग, दुपारी बारापर्यंत अंथरूण. वजन उतरलेलं. बरोबरच्या दोघी यूपीएससीच्या भूवैज्ञानिक परीक्षेला बसल्या होत्या. त्या पदासाठी पदव्युत्तर पदवी लागतेच, त्यामुळे हिचा फॉर्मच अडला. विभागाच्या इमारतीवरून जावं लागू नये म्हणून ती बसचा एक थांबा अलीकडे उतरून मागच्या रस्त्याने खोलीवर जायची. मी नेहमी विचारते तसं थेट विचारलं, जीव द्यायचे विचार येतात का? ती नाही म्हणाली. "मरावंसं नाही वाटत मॅडम, उठावंसं वाटत नाही." तरी तिला मानसोपचारतज्ज्ञांना दाखवून घेतलं, रक्तही तपासलं. हिमोग्लोबिन कमी होतं, त्याच्या गोळ्या सुरू झाल्या. (असे विचार येत असतील तर भेटीच्या तारखेची वाट पाहू नये. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.)

मग मी एक चूक केली. चालढकल करणाऱ्या मुलांना जे देते तेच तिला दिलं: रोज सकाळी अर्धा तास, एकच परिच्छेद, झाला की वहीत खूण. दोन आठवड्यांनी ती वही घेऊन आली. सगळ्या खुणा केलेल्या. प्रबंध होता तिथेच. तिने अर्धा-अर्धा तास संदर्भांची यादी पुन्हा पुन्हा लावली होती.

तेव्हा मी तिला म्हटलं, तुझा विषय मला समजावून सांग. मला भूशास्त्रातलं ओ की ठो कळत नाही, शाळेत भूगोल होता तेवढाच. इथे ती पहिल्यांदा सरळ बसली.

विषय होता कऱ्हेच्या खोऱ्यातल्या एका छोट्या ओढ्याचं पाणलोट क्षेत्र. पुरंदरचा पर्जन्यछायेचा भाग. ४२ विहिरी निवडलेल्या. प्रत्येक विहिरीची पाणीपातळी वर्षातून दोनदा मोजायची, एकदा मेच्या अखेरीस, पाऊस पडायच्या आधी, आणि एकदा ऑक्टोबरात, पाऊस संपल्यावर. वजन लावलेली टेप खाली सोडायची, पाण्याला टेकली की आकडा वाचायचा आणि त्यातून कठड्याची उंची वजा करायची. "ती वजा करायला विसरलं की झालं, सगळा नकाशा बोंबलतो," ती म्हणाली आणि किंचित हसलीसुद्धा. दोन्ही वेळच्या पातळ्यांचे नकाशे काढायचे आणि मधल्या फरकावरून किती पाणी मुरलं याचा अंदाज बांधायचा. शिवाय वीस विहिरींचं पाणी प्रयोगशाळेत तपासलं होतं. सात विहिरींत नायट्रेट पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा, म्हणजे लिटरला ४५ मिलिग्रॅमपेक्षा जास्त निघालं होतं. त्यातल्या बहुतेक विहिरी गोठ्यांच्या किंवा खतं मारलेल्या बागायतीच्या कडेला होत्या. नायट्रेटवर ती वीस मिनिटं थांबली नाही. मी घड्याळाकडे पाहिलंही नाही.

मग तिने बेसाल्ट समजावला. आपल्याकडचा हा काळा खडक म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी एकावर एक थरांनी पसरलेला लाव्हा. वाळूत पाणी सगळीकडे सारखं झिरपतं, तसं इथे होत नाही. काळा पाषाण घट्ट. पाणी असतं ते वरच्या मुरमात, मांजऱ्या म्हणजे छिद्रं-छिद्रं असलेल्या खडकात आणि भेगांत. त्यामुळे एका शेतकऱ्याची विहीर फेब्रुवारीत तळ दाखवते आणि चाळीस पावलांवरच्या चुलत्याची विहीर जूनपर्यंत ऊस भिजवते. मध्ये एखादी डाइक, म्हणजे खडकात घुसलेली उभी दगडी भिंत असली, तर तिच्या दोन बाजूंना दोन वेगळी दुनिया.

"आणि मेचा नकाशा कसा आला?" मी सहज विचारलं.

ती गप्प झाली. पाणी प्यायली. मग म्हणाली, "तो आला नाही मॅडम. तो मी आणला."

पहिल्या वर्षाच्या उन्हाळ्यात तिने अकरा विहिरी मोजल्या होत्या. अकराव्या विहिरीनंतर ऊन लागलं, आठवडा पडून काढला. मग चुलत बहिणीचं लग्न. परत येईपर्यंत पाऊस सुरू झाला. विहिरीत पाऊस उतरला की त्या वर्षीची मेची पातळी गेलीच, ती पुन्हा कुणालाही मोजता येत नाही. ऑक्टोबरात मात्र तिने इमानदारीने सगळ्या ४२ विहिरी मोजल्या. डिसेंबरात विभागात सेमिनार होता, मार्गदर्शक सरांनी दोन्ही नकाशे मागितले. आदल्या रात्री तिने उरलेल्या ३१ विहिरींच्या ऑक्टोबरच्या पातळीतून दोन-अडीच मीटर कमी करत मेचे आकडे लिहिले. नकाशा सुरेख आला. सरांनी सगळ्यांसमोर कौतुक केलं आणि ज्युनिअर मुलांना म्हणाले, फील्डवर्क असं करतात.

प्रबंध तिने जवळजवळ पूर्ण लिहिला होता. एकशे दहा पानं. अडली ती अगदी पहिल्या पानांपैकी एकावर, जिथे विद्यार्थ्याने लिहून द्यायचं असतं की हे काम माझं स्वतःचं आणि खरं आहे. त्या पानावर सही करायला ती चार वेळा बसली होती.

मजा म्हणजे, खरं तर मजा नाही, साहित्यचोरी तपासणाऱ्या सॉफ्टवेअरमधून तो प्रबंध सहज सुटला होता. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य क्षम्य धरतात, हिचं सहा टक्के होतं. उचललेली वाक्यं त्या यंत्राला कळतात. विहिरीत न सोडलेली टेप कळत नाही.

आता आळस आणि चालढकल या शब्दांचं काय करायचं? ही मुलगी तेरा महिने एका सहीवर अडून होती, कारण तिला खोटी सही करायची नव्हती. मला यात दोष दिसतो तसा कणाही दिसतो, आणि मी तिला तसं म्हटलं. ती पहिल्यांदा रडली. पण आकडे बनवणं चुकीचंच होतं, हेही त्याच बैठकीत म्हटलं. सहानुभूतीच्या भरात ते गुळमुळीत करणारे समुपदेशक मला पटत नाहीत. मुलांना ते लगेच कळतं आणि मग आपल्या कुठल्याच शब्दावर त्यांचा विश्वास राहत नाही.

पुढे काय, हे आम्ही कागदावर मांडलं. तिच्या मनातला प्रबंध दोनशे पानांचा, रंगीत नकाशांचा, लगेच शोधनिबंध व्हावा असा होता. मी तिला विभागाचं परिपत्रक आणायला लावलं. विभागात जायची हिंमत नव्हती, मैत्रिणीने फोटो काढून पाठवला. त्यात पानांची किमान संख्या कुठेच नव्हती. स्वतः केलेलं क्षेत्रकाम, त्याचं विश्लेषण, मार्गदर्शकाचं प्रमाणपत्र, ते प्रतिज्ञापत्र, बांधलेल्या प्रती आणि तोंडी परीक्षा, एवढंच. मुदत संपायला अजून एक वर्ष होतं. हे ती तेरा महिन्यांत एकदाही वाचायला गेली नव्हती. तेव्हापासून अडकलेल्या प्रत्येक मुलाला मी आधी नियमांचा कागद आणायला सांगते. विद्यापीठ जे मागतं आणि आपण स्वतःकडे जे मागतो त्यात पुष्कळदा निम्म्याचा फरक निघतो.

(नेहमीच मन अडतं असंही नाही. एक मुलगा असाच पाठवला होता माझ्याकडे, "उदास राहतो" म्हणून. त्याच्या खडकांचे पातळ छेद व्हायचे होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी दगड घासून ०.०३ मिलिमीटरपर्यंत पातळ करावा लागतो, आणि ते यंत्र सहा महिने बंद. त्याला समुपदेशन नको होतं, दुसऱ्या प्रयोगशाळेच्या नावे एक पत्र हवं होतं. दोन भेटींत काम संपलं.)

रेवतीचं काम पत्रावर भागणारं नव्हतं. सरांना सांगावं लागणार होतं. तिला ईमेल करायचा होता. मी नको म्हटलं नाही, फक्त विचारलं, "पाठवल्यावर उत्तर येईपर्यंतचे दिवस कसे काढशील?" तिने स्वतःच बेत बदलला. अर्ध्या पानाचं पत्र लिहायचं, हातात द्यायचं आणि ते वाचून होईपर्यंत समोर बसायचं. पत्रात 'परिस्थितीमुळे' हा शब्द तीनदा आला होता, तो तिने काढला. सर चिडले तर काय, विषयच रद्द केला तर काय, हे आम्ही आधी बोलून घेतलं. नवा विषय, पुन्हा एक उन्हाळा, आणखी एक वर्ष. "चालेल," ती म्हणाली. "हे तेरा महिने गेले तसं वर्ष नको फक्त." सगळे मार्गदर्शक समजून घेतात असं मी तिला सांगितलं नाही, कारण तसं नसतं.

सरांनी पत्र दोनदा वाचलं. पुढचं तिच्याच शब्दांत, जमेल तसं. ते उठून कपाटाकडे गेले, सेमिनारचे दोन्ही नकाशे काढले, एकावर एक ठेवून खिडकीच्या काचेला लावले. रेघेवर रेघ बसली.

"बेसाल्टात असं येत नाही," ते म्हणाले. "इतकं गुळगुळीत. मला तेव्हाच विचारायला हवं होतं."

मग त्यांनी तिची फील्ड डायरी मागितली आणि पानापानावरून बोट फिरवत खऱ्या अकरा नोंदी स्वतः तपासल्या. प्रबंध रद्द केला नाही. पण सोडलंही नाही. शीर्षकातून 'हंगामी चढउतार' गेलं. विषय पावसाळ्यानंतरची पाणीपातळी आणि पाण्याची गुणवत्ता एवढाच राहिला, त्यासाठी विभागीय समितीकडे एक अर्ज लागला. मेच्या अकरा नोंदी वेगळ्या तक्त्यात, त्या अकराच का आहेत या एका वाक्यासकट. आणि पुढच्या सेमिनारला तिने स्वतः उभं राहून सांगायचं की तो नकाशा मागे घेतला आहे. ही शेवटची अट मला जरा कडक वाटली होती. तिला वाटली नाही.

घरी सांगणं त्याहून अवघड गेलं. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग त्यांनी विचारलं, "पेढे वाटले त्याचं काय ते बघू. विहिरी किती राहिल्यात मोजायच्या?" आता मोजायच्या नाहीत, असं तिने सांगितल्यावर ते जरा खट्टू झाले. मोटरसायकल काढायच्या तयारीत होते.

या काळात आमच्या भेटी पंधरा दिवसांतून एकदा होत होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यात सांगण्यासारखं फार नाही. झोप हळूहळू जागेवर आली. लिहायचा अर्धा तास आता खरंच लिहायचा झाला. माझी वहीची युक्ती वाईट नव्हती, चुकीच्या वेळी दिली होती. एकशे दहा पानांची अठ्ठ्याहत्तर झाली. प्रतिज्ञापत्रावर सही केली त्या दिवशी तिने फोटो पाठवला, खाली काही लिहिलं नव्हतं.

तोंडी परीक्षेनंतर संध्याकाळी तिचा फोन आला. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी प्रबंध चाळत मेच्या तक्त्यावर बोट ठेवून विचारलं होतं, "इथे अकराच का?"

"मग काय म्हणालीस?"

"म्हटलं, सर, तेवढ्याच मोजल्या."

"आणि ते?"

"काही नाही. पान उलटलं. पुढचा प्रश्न नायट्रेटवर होता."