कारमधली बाळाची सीट उलटी की सरळ?

बाळाला वर्ष झालं म्हणून लगेच त्याचं तोंड समोर करू नका ताई. सीटवर उंची-वजनाची लिमिट लिहून राहते, ती भरेपर्यंत मागे तोंड करूनच बसवा, पाय दुमडले तरी चालते, मान जपली जाते न. पट्टे तेव्हा खांद्याच्या बरोबरीत नाहीतर किंचित खाली पाहिजे, समोर तोंड केलं की बरोबरीत किंवा वर, अन् खांद्यापाशी पट्टा चिमटीत धरता आला म्हणजे ढिला आहे. थंडीत जाड जॅकेट काढून बांधा, वरून शाल टाका. पुढच्या सीटवर एअरबॅगसमोर उलटी सीट तर कधीच नाही. अन् नागपूरचा मे महिना, बकल आधी हात लावून पाहा, चटका बसते! आजी म्हणतील मांडीवर घेते, सीताबर्डीपर्यंतच तर जायचं आहे, तिथे मात्र ऐकू नका.