इंग्लंडमधील एकाच गावाने घडवलेले नामवंत अभिनेते कोणते?

यॉर्कशायरच्या किनाऱ्यावरील स्कारबरो हे नाव मला प्रथम सुचते. चार्ल्स लॉटन यांचा जन्म १८९९ मध्ये तेथील व्हिक्टोरिया हॉटेलात झाला. आईवडिलांचा व्यवसायच हॉटेलचा असल्याने त्यांनीही काही काळ तेच काम केले आणि हौशी रंगभूमीवर रमत अखेर लंडनची नाट्यशाळा गाठली. बेन किंग्जली, म्हणजेच मूळचे कृष्णा भानजी, यांचा जन्म १९४३ मध्ये जवळच्याच स्नेंटन खेड्यात झाला, त्यामुळे त्यांना काटेकोरपणे स्कारबरोचे म्हणता येणार नाही. गंमत अशी की, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर दोघांनाही इतिहासातील व्यक्ती साकारल्याबद्दल मिळाले : लॉटन यांना बायकांमागून बायका करणाऱ्या आठव्या हेन्रीसाठी, तर किंग्जली यांना ब्रह्मचर्याचे व्रत घेतलेल्या गांधीजींसाठी.