२०२६ चा डब्ल्यूईसी (लांब पल्ल्याच्या मोटर शर्यतींची जागतिक मालिका) सीझन पहिल्यांदाच बघणार आहे, आजवर फक्त एफ-वन बघितलंय. सुरुवात कुठून करू?

सरळ ल मान्सपासून, म्हणजे फ्रान्समधल्या चोवीस तासांच्या शर्यतीपासून करा. १३-१४ जूनला आहे, सुरुवात आपल्याकडे शनिवारी संध्याकाळी साडेसातला आणि शेवट रविवारी त्याच वेळेला. चोवीस तास जागायची अजिबात गरज नाही. पहिले दोन तास बघा, झोपा आणि सकाळी नऊ-साडेनऊला परत लावा. तेव्हा तिकडे नुकतं उजाडत असतं. रात्रभर धावलेल्या गाड्या काजळी-चिखलाने माखलेल्या असतात, आणि खरी शर्यत तिथून रंगते.

एफ-वनची सवय असेल तर एक गोष्ट आधी समजून घ्या: डब्ल्यूईसीत एकाच ट्रॅकवर दोन वर्गांच्या वेगळ्या शर्यती चालतात (ल मान्सला एलएमपी२ हा मधला तिसरा वर्गही असतो). वरचा हायपरकार, म्हणजे सगळ्यात वेगवान गाड्या; खालचा एलएमजीटी३, म्हणजे रस्त्यावरच्या स्पोर्ट्स कारवर बेतलेल्या गाड्या. जीटी३ मध्ये प्रत्येक गाडीत एक ब्रॉन्झ, म्हणजे हौशी दर्जाचा ड्रायव्हर असावाच लागतो. त्याच्या मागून हायपरकार किती वेगाने येते आणि ती कुठल्या वळणावर त्याला ओलांडते, यावर अख्खी आघाडी फिरते. माझं तर निम्मं लक्ष तिथेच असतं.

यंदा पोर्शेचा फॅक्टरी संघ हायपरकारमध्ये नाही, याचं मनापासून वाईट वाटतं. जेनेसिस (ह्युंदाईचा आलिशान गाड्यांचा ब्रँड) मात्र नव्याने उतरतेय. फेरारीने २०२३, २०२४ आणि २०२५ अशी सलग तीन ल मान्स जिंकलीत, त्यामुळे सगळ्यांचा डोळा त्यांच्यावरच. ल मान्स आवडलं तर सप्टेंबरातली जपानमधली फुजीची शर्यत चुकवू नका, टोयोटाचं घरचं मैदान आहे ते.