रोजच्या जपासाठी मंत्र कोणता निवडावा?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: नोकरीनिमित्त कोल्हापुरात राहता, रोज सकाळी थोडा वेळ जपाला बसायची इच्छा आहे, पण यूट्यूबवर एकेका अडचणीला एकेक मंत्र सांगतात आणि त्यातला कोणता घ्यावा ते ठरत नाही. गुरू केलेला नाही. बायकांनी गायत्री म्हणावी का, उच्चार चुकला तर उलटं फळ मिळतं का, पाळीच्या दिवसांत जप करावा का, हेही तुम्ही विचारलंय.

मी कोल्हापूरची. माहेर आणि सासर दोन्ही इथलंच. जे सांगते आहे ते घरातल्या मोठ्यांकडून, कीर्तनांतून आणि बरीच वर्षं रोज जपाला बसण्यातून आलेलं आहे.

सगळ्यांत आधी, फळ बघून मंत्र निवडू नका. पैशासाठी हा, लग्न जमण्यासाठी तो, कोर्टकचेरीसाठी तिसरा, असं ठरवून बसलात की चार दिवसांत मन हिशेब मागायला लागतं. काम झालं तर मंत्र सुटतो, नाही झालं तरी सुटतो. काम्य जप शास्त्रात आहे, नाही असं नाही. पण त्याची रीत वेगळी. संकल्प सोडायचा, मंत्राची जितकी अक्षरं तितके लाख जप, त्याच्या दशांश हवन, पुढे तर्पण, मार्जन, भोजन. आणि हे सगळं जाणत्याच्या देखरेखीखाली. तुम्हाला ते करायचं नाहीये. तुम्हाला रोजचा, जन्मभर पुरेल असा सोबती हवा आहे.

तेव्हा तुमच्या तोंडात आधीपासून काय आहे ते बघा. रात्री अवेळी फोन वाजला, गाडीसमोर कुणी आडवं आलं, रिपोर्ट हातात येईपर्यंत दवाखान्याच्या बाकड्यावर बसून राहावं लागलं, तेव्हा आपोआप कुणाचं नाव निघतं? आई गं? विठ्ठला? स्वामी? ते नाव तुमचंच आहे, कुणी शिकवायला लागलं नाही. बहुतेकांचं ते कुलदैवत असतं किंवा आजीच्या तोंडातलं असतं. ते घ्या. माहीत नसेल तर घरी फोन करून कुलदैवत विचारा. कित्येकदा त्या एका फोनवर प्रश्न सुटतो.

तरीही ठरत नसेल तर तुम्ही राहता ते गाव याबाबतीत फार श्रीमंत आहे. अंबाबाईपासून, म्हणजे इथल्या महालक्ष्मीपासून, सुरुवात करते, कारण तिच्याबद्दल गैरसमजही मोठा आहे. लक्ष्मी म्हणजे पैसा, म्हणून महालक्ष्मीचा मंत्र पैशासाठी, असं सर्रास सांगितलं जातं. इथल्या मूर्तीचं वर्णन एकदा नीट वाचा. हातांत म्हाळुंग हे फळ, गदा, ढाल आणि पानपात्र. मस्तकावर नाग, लिंग आणि योनी. हेच वर्णन दुर्गासप्तशती या देवीच्या ग्रंथाला जोडलेल्या प्राधानिक रहस्यात येतं, आणि तिथं ही महालक्ष्मी सगळ्यांच्या आधीची, त्रिगुणी, परमेश्वरी आहे. महाकाली आणि महासरस्वती तिच्यातूनच प्रकटतात. देवळात शेजारी त्या दोघींचीही देवळं आहेत ती याच नात्यानं. एवढ्या मोठ्या आईला पगारवाढीच्या मंत्रात बसवू नये असं मला मनापासून वाटतं. तिचं नाव घ्यायचं तर ‘श्री महालक्ष्म्यै नमः’ पुरेसं आहे. तेही जड वाटलं तर नुसतं ‘जगदंब’. श्वासाबरोबर सहज बसतं.

दत्ताच्या नृसिंहवाडीला एखाद्या संध्याकाळी पालखीला जाऊन या. पादुकांपुढे ‘दिगंबरा दिगंबरा श्रीपाद वल्लभ दिगंबरा’ सुरू झालं की नवखा माणूसही दुसऱ्या आवर्तनाला म्हणायला लागतो, कारण त्याची लय चालण्याची आहे. हा मंत्र वासुदेवानंद सरस्वती म्हणजे टेंबे स्वामींनी दिलेला. ते १८५४ ते १९१४ या काळात होऊन गेले. म्हणजे आज लाखो लोकांच्या तोंडी असलेला हा मंत्र फार जुना नाही. मंत्र वेदकाळापासूनचाच असला पाहिजे असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ध्यानात घ्यावं. जोतिबाचं ‘चांगभलं’ तर तुमच्या कानांवर रोजच पडत असेल.

आणि ‘रामकृष्णहरि’. तुकोबांना तो बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात दिला, माघ शुद्ध दशमीला, गुरुवारी. हे त्यांनीच अभंगात सांगून ठेवलंय. त्यात गुप्त काही नाही. देहूचा वाणी तो मंत्र घेतो आणि भर कीर्तनात सगळ्यांना वाटून टाकतो. कपिलतीर्थ मंडईत एक भाजीवाल्या आजी आहेत. मेथीच्या जुड्या सोडून निवडायच्या, खराब काड्या बाजूला काढायच्या, पुन्हा दोरा गुंडाळायचा, हे चाललेलं असताना ओठ हलत असतात. दोऱ्याच्या प्रत्येक वेढ्याला एक नाव. गिऱ्हाईक आलं की भाव सांगतात, सुटे पैसे देतात आणि पुढच्या वेढ्याला परत नाव सुरू. मी त्यांना विचारलं होतं, लक्ष जातं का हो मध्येच. त्या म्हणाल्या, “जाऊंदे की, नाव हाय तिथंच हाय.” जपावर इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे ऐकलेलं नाही.

मंत्राची लांबी लोक लक्षातच घेत नाहीत, आणि गाडी तिथंच अडते. ‘रामकृष्णहरि’ची १०८ची माळ तीन-चार मिनिटांत होते. गायत्रीला नीट म्हटलं तर पंधरा-वीस मिनिटं लागतात, महामृत्युंजयाला साधारण तेवढीच किंवा थोडी जास्त. तुम्ही सकाळी साडेआठला बाहेर पडता, डबा करायचा असतो. मग मोठा मंत्र घेऊन त्याची घाई करण्यापेक्षा लहान नाव घेऊन सावकाश बसणं कितीतरी बरं. समर्थांनी नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षांत तेरा कोटी जप केला असं परंपरा सांगते. म्हणजे दिवसाला सरासरी तीस हजारांच्या आसपास. तेव्हा त्यांच्याजवळ कोणता मंत्र होता? ‘श्रीराम जय राम जय जय राम’, तेरा अक्षरं. एवढी संख्या सुटसुटीत मंत्रावरच पेलते.

आता गायत्री. ऋग्वेदाच्या तिसऱ्या मंडलातली ही ऋचा विश्वामित्रांची, देवता सविता. मुंज झालेल्या पुरुषांनीच म्हणावी हा नियम तुम्ही ऐकलाय, आणि तो सांगणारे आजही भेटतील. पण तुम्ही हा प्रश्न कोल्हापुरात बसून विचारताय. १८९९ साली याच पंचगंगेवर कार्तिकस्नानाच्या वेळी खुद्द शाहू महाराजांसाठी वेदोक्त म्हणजे वेदांतले मंत्र म्हणायला नकार मिळाला, पुराणोक्त म्हणजे पुराणांतले म्हटले गेले, आणि त्यातून वेदोक्त प्रकरण उभं राहिलं. छत्रपतींनाही ‘तुमचा अधिकार नाही’ हे ऐकावं लागलं. महाराज गप्प बसले नाहीत, हे इथं शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. त्यामुळे अधिकाराचा प्रश्न माझ्या मनात कधीच मिटला आहे: ज्याला तळमळ आहे त्याला अधिकार आहे. गायत्री ओढत असेल तर म्हणा. फक्त ती वैदिक ऋचा आहे, तिला उदात्त-अनुदात्त असे ठरलेले चढउताराचे स्वर आहेत, तेव्हा मोबाइलवरच्या सिनेमातल्या चालीवरून न उचलता जाणकाराकडून चार वेळा ऐकून शिका.

यातच उच्चाराच्या भीतीचंही उत्तर आहे. ही भीती जिच्यातून येते ती गोष्ट जुनी आहे. त्वष्ट्यानं इंद्राला मारणारा पुत्र व्हावा म्हणून यज्ञ केला, ‘इन्द्रशत्रु’ या शब्दाचा स्वर चुकला, अर्थ फिरला, आणि त्या यज्ञातून झालेला वृत्रच इंद्राच्या हातून मेला. पण ती यज्ञातली, वेदमंत्राची गोष्ट आहे. नामाला ती लावू नये. ‘मरा मरा’ म्हणता म्हणता राम झाला, हीही आपल्याच घरातली गोष्ट. शुद्ध म्हणायचा प्रयत्न जरूर करा, कारण ज्याच्यावर प्रेम आहे त्याचं नाव आपण नीट घेतो. पण चुकलं म्हणून देव डूख धरून बसत नाही.

गुरू नसेल तर काय करावं? नाम, ‘नमः शिवाय’, ‘श्री स्वामी समर्थ’, ‘जगदंब’, यांतलं काहीही आजपासून सुरू करा, कुणाची परवानगी लागत नाही. ‘नमः शिवाय’ तर यजुर्वेदातल्या रुद्रात आलेलं आहे आणि तरीही खेड्यापाड्यांत सगळे म्हणतात. फक्त ऐं, ह्रीं, क्लीं असली बीजं असलेले मंत्र, देवीचा नऊ अक्षरी नवार्ण वगैरे, स्वतःहून घेऊ नका. त्यांना ऋषी, छंद, देवता, बीज, शक्ती, कीलक, न्यास अशी पूर्ण चौकट असते आणि ती समोर बसून शिकायची गोष्ट आहे. आणि कुणी तुमची पत्रिका बघून ‘खास तुमच्यासाठी’ मंत्र काढून देतो म्हणाला आणि त्याचे पैसे सांगितले, तर तिथून उठून या. हे मी तळमळीनं सांगते आहे, कारण गरजू माणूस तिथंच नाडला जातो.

निवडलात की मग किमान सहा महिने बदलू नका. मध्ये कंटाळा येईल, कोरडं वाटेल, दुसरा मंत्र जास्त प्रभावी आहे असा व्हिडिओ नेमका त्याच आठवड्यात समोर येईल. बसायचं त्याच जागी, शक्यतो त्याच वेळी. सुरुवातीला थोडं मोठ्यानं म्हणा, मग ओठ हलतील एवढंच, मग मनात. वाचिक, उपांशु आणि मानस ही चढती पायरी आहे. एकदम मानस जपाला बसणाऱ्यांना बहुतेक झोप लागते.

माळ महाद्वार रोडवर मिळेल. विष्णूच्या नामाला तुळशीची, शिवाला रुद्राक्षाची, असा प्रघात आहे, पण त्यासाठी अडून राहू नका. मेरुमणी, म्हणजे माळेच्या जोडावरचा मुख्य मणी, ओलांडायचा नाही, तिथून माळ उलटी फिरवायची, आणि तर्जनी लावायची नाही, एवढं पाळलं की झालं.

राहिला पाळीचा प्रश्न. देवळात जाणं, देव्हाऱ्याला शिवणं याबद्दल तुमच्या घरची जी रीत असेल ती तुमची तुम्ही ठरवा. मनातल्या नामाला मात्र कसलाही विटाळ नाही. विटाळ देहाचा म्हणता तर आत्म्याचं काय, हे संत सोयराबाईंनी चौदाव्या शतकात सरळ देवालाच विचारून ठेवलंय, आणि त्या प्रश्नापुढे मला तरी दुसरं काही सुचत नाही. माळेला हात लावायचा नसेल तर पेरांवर मोजा. अनामिकेच्या मधल्या पेरापासून सुरुवात, खालचं पेर, मग करंगळीची तिन्ही खालून वर, अनामिकेचं टोक, मधल्या बोटाचं टोक, आणि तर्जनीची तिन्ही वरून खाली. मधल्या बोटाची उरलेली दोन पेरं हा मेरू, ती वगळायची. असे दहा होतात. दुसऱ्या हातावर दशकं मोजत गेलात की माळ नसली तरी शंभर पुरी होते, आणि ऑफिसला जाताना बसमध्येही कुणाला कळत नाही.