कोरड्या अंगाने पाण्याचा मसाज : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : आमच्या जिममध्ये ‘ड्राय वॉटर मसाज’ची खाट आली आहे. कपडे घालूनच झोपायचं आणि अंगाला पाणी लागत नाही. मग मसाज होतो कसा? – एक वाचक, पुणे

खाटेखाली पाण्याची टाकी असते. हीटर ते पाणी शरीराच्या तापमानाच्या आसपास ठेवतो आणि पंप ते नोझलमधून जोरात वर फेकतो. मधे जाड, पाणी न झिरपणारा पडदा ताणलेला असतो. झोत त्या पडद्यावर आदळतो आणि त्याचा दाब व ऊब कपड्यांतून अंगापर्यंत पोचते. नोझल सरकत्या गाड्यावर बसवलेले असल्यामुळे मानेपासून पोटरीपर्यंत झोत फिरतो, किंवा हवा तर एकाच जागी थांबवता येतो. हाताच्या मसाजात मात्र दुखरी जागा लागली की समोरचा माणूस हात सैल सोडतो. यंत्राला ते कळत नाही, म्हणून दाब कमी करण्याचं बटण तुमच्या हाताशी हवं.

प्रश्न : घाटातली हाफ मॅरेथॉन धावल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या इतक्या दुखतात की जिना उतरवत नाही. या मसाजाने ‘लॅक्टिक अॅसिड निघून जातं’ असं सांगतात. खरं का? किती वेळ घ्यावा? – एक धावपटू, सातारा

नाही. धावताना रक्तात वाढलेलं लॅक्टेट (ज्याला सगळे लॅक्टिक अॅसिड म्हणतात ते) साधारण तासाभरात आपोआप उतरतं. दुसऱ्या दिवसाचं दुखणं त्याचं नसतंच. उतारावर प्रत्येक पावलाला मांडीचा पुढचा स्नायू ताणला जाता जाताच वजन पेलतो. त्यात स्नायूंच्या धाग्यांना बारीक इजा होते आणि २४ ते ७२ तासांत दुखणं शिगेला पोचतं. मसाजाने ठणका आणि आखडलेपण कमी होतं, हालचाल सोपी होते. इजा भरून यायची ती आपल्या वेळेनेच येते.

दुसऱ्या दिवशी १० मिनिटं पुरेत. पहिली ३ मिनिटं सर्वांत कमी दाबावर पाठ आणि पोटऱ्या, मग मध्यम दाबावर मांड्या. इथे एक गोष्ट हमखास विसरली जाते : उताणं झोपलात तर झोत मांडीच्या मागच्या बाजूला लागतो, आणि तुमची दुखतेय पुढची. तेव्हा पालथं झोपा, पण झोत फक्त मांड्यांपुरता ठेवा, पोट आणि छातीवर येऊ देऊ नका. श्वास रोखला जात असेल किंवा स्नायू आपोआप आवळत असेल, तर दाब जास्त आहे. संपल्यावर कुशीवर वळा, मिनिटभर बसा, मगच उठा. उबेने रक्तदाब थोडा उतरतो आणि झटकन उभं राहिल्यास चक्कर येते.

एकाच पायाची पोटरी सुजून गरम लागत असेल तर मसाज अजिबात नको. ती रक्ताची गुठळी असू शकते. लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली तर तडक दवाखाना गाठा.

प्रश्न : आई ६८ वर्षांची आहे. मधुमेह आहे, तळपायांना मुंग्या येतात, कंबर दुखते. तिला चालेल का? – एक वाचक, नांदेड

आधी डॉक्टरांना विचारा. मुंग्या म्हणजे पायांची संवेदना कमी झालेली असू शकते. अशा पायाला चटका बसला तरी वेळेवर कळत नाही. परवानगी मिळाली तर ऊब कमी, दाब सर्वांत हलका, तळपाय झोताबाहेर आणि वेळ ५ मिनिटं. हाडं ठिसूळ असतील, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, ताप किंवा उघडी जखम असेल, तर डॉक्टरांनी स्पष्ट हो म्हटल्याशिवाय नको. कंबरेतून कळ पायात उतरत असेल, तर आधी निदान हवं. पाय लुळा पडत असेल किंवा लघवीवरचा ताबा सुटला असेल, तर त्याच दिवशी रुग्णालयात न्या.

प्रश्न : आमच्या फिजिओथेरपी केंद्रातल्या खाटेचे झोत मंदावलेत, पंप खडखडतो. – एक वाचक, सोलापूर

पहिल्यांदा टाकीतली पातळी बघा. पाणी कमी झालं की पंप हवा ओढतो. आवाजही त्याचाच आणि दाब पडतो तोही त्यानेच. वीज मुख्य स्विचपाशी बंद करून खुणेपर्यंत पाणी भरा. पातळी बरोबर असेल तर गाळणी आणि नोझल तपासा. बोअरचं जड पाणी भरलं असेल तर पांढरा क्षार साचलेला दिसेल. तोच हीटरवर बसला की पाणी तापायला जास्त वेळ लागतो. टाकी रिकामी करून माहितीपुस्तिकेत दिलेल्या द्रावणानेच क्षार काढा आणि पुढे कमी क्षाराचं पाणी वापरा. पाणी बुळबुळीत होऊ नये म्हणून मनाने ब्लीचिंग पावडर टाकू नका, तिने रबर कडक होऊन तडकतं.

पडद्याचे दोन शत्रू : खिशातल्या किल्ल्या आणि अंगाला चोळलेलं तेल किंवा बाम. खिसे रिकामे करायला आणि पट्टा, पैंजण उतरवायला आधी सांगा. प्रत्येक माणसानंतर सौम्य साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून कोरडा करा. खाटेखाली ओल दिसली तर वापर तिथेच थांबवा. अर्थिंग आणि ३० मिलिअँपिअरचा वीजगळती-संरक्षक स्विच इलेक्ट्रिशियनकडून तपासून घेतल्याखेरीज ती पुन्हा चालू करू नये.